काइट कनेक्ट: पोच वेगळी, सौदा वेगळा

डोंबिवलीत एका सब-ब्रोकरच्या ऑफिसात मी पंधरा वर्षं डीलर होतो. ओडिनवर, म्हणजे सौदे टाकायच्या सॉफ्टवेअरवर, एफ-वन दाबलं की निळी खिडकी, खरेदी. एफ-टू दाबलं की लाल, विक्री. फोनवरचं गिऱ्हाईक घाईत विचारायचं, "झाला का?" ट्रेड बुकात सौदा दिसल्याशिवाय "झाला" म्हणायचं नाही, असा आमच्या शेठचा दंडक होता.

निवृत्तीनंतर पायथन शिकलो. आधी एका ब्रोकरची फुकट एपीआय (आपल्या प्रोग्रामने ब्रोकरकडे ऑर्डर पाठवायचा, भाव मागवायचा रस्ता) घेतली, नाव घेत नाही. तिच्या माहितीपत्रकात एकाच गोष्टीला एका पानावर 'ट्रेडेड', दुसऱ्यावर 'कम्प्लीट', तिसऱ्यावर 'एक्झिक्युटेड'. प्रोग्रामने तपासायचं तरी कुठला शब्द? महिन्याभरात कंटाळलो आणि झिरोधा या ब्रोकरच्या काइट कनेक्ट या एपीआयकडे वळलो. महिना ५०० रुपये.

मला ही सेवा आवडली ती तिथल्या शब्दांमुळे. ऑर्डर पाठवली की उत्तरात फक्त ऑर्डर आयडी येतो, आणि तिथेच स्वच्छ लिहिलंय की याचा अर्थ ऑर्डर पुरी झाली असा नाही. रजिस्टर पत्राची पोच असते ना, तशी ही पोच. पुढे तीच ऑर्डर 'व्हॅलिडेशन पेंडिंग', 'ओपन पेंडिंग' अशा पायऱ्या चढत 'ओपन' होते आणि मग 'कम्प्लीट', 'कॅन्सल्ड' किंवा 'रिजेक्टेड'. स्टॉपलॉस, म्हणजे ठरवलेल्या भावाला (ट्रिगरला) जागी होणारी ऑर्डर, असेल तर 'ट्रिगर पेंडिंग'. माझ्या वहीत मी त्यापुढे 'दाराशी उभी' असं लिहून ठेवलंय. कारण भाव ट्रिगरला टेकेपर्यंत ती नेहमीच्या रांगेत शिरतच नाही. आमच्या शेठचा दंडक इथे कोणीतरी कोडात लिहिलाय असं वाटलं.

'टिक' या शब्दाने मात्र सुरुवातीला घोळ घातला. डीलरच्या भाषेत टिक म्हणजे भावाची सगळ्यात लहान पायरी, पाच पैसे वगैरे. इथे टिक म्हणजे वेबसॉकेटवरून (सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीवरून) आलेली भावाची ताजी खबर. आणि ती खबर म्हणजे प्रत्येक सौदा नव्हे, त्या क्षणाचं चित्र. सगळे टिक जोडून दिवसाचा व्हॉल्यूम, म्हणजे किती शेअरचे सौदे झाले तो आकडा, काढायला जाल तर फसाल. एकूण व्हॉल्यूमचा आकडा वेगळा येतो, तो घ्या. नुसता शेवटचा भाव मागितला तर पॅकेट ८ बाइटचं, पाच पातळ्यांच्या डेप्थसकट (रांगेतल्या खरेदी-विक्रीच्या भावांसकट) मागितलं तर १८४ बाइटचं. एका जोडणीवर ३००० स्क्रिप्स (शेअर किंवा काँट्रॅक्ट) बसतात. मला चाळीस पुरतात.

एक फजिती सांगतो, चूक माझीच. बाजार चालू असताना 'क्वोट'मधून (चालू भावाच्या उत्तरातून) 'क्लोज' घेऊन त्यातून 'ओपन', इथे दिवसाचा पहिला भाव, वजा केलं, आजची वाढ म्हणून. यादी आली ती अशी की चढलेले शेअर पडलेले दिसले. या 'क्लोज'मध्ये मागच्या दिवसाचा बंद भाव असतो, आणि तसं तिथे लिहिलेलंही आहे. ऐतिहासिक कँडलमधला (कँडल म्हणजे ठरावीक वेळेतल्या भावांची नोंद) 'क्लोज' मात्र त्या कँडलचाच. भावकॉपीत, म्हणजे एक्स्चेंजच्या रोजच्या भावांच्या यादीत, 'क्लोज' आणि 'प्रीव्ह क्लोज' असे दोन रकाने वर्षानुवर्षं बघितलेल्या माणसाने इथे घसरावं, याचं वाईट वाटलं.

इन्स्ट्रुमेंट टोकनचंही, म्हणजे प्रत्येक स्क्रिपला दिलेल्या आकड्याचंही, सांभाळा. ऑप्शनची एक्स्पायरी झाली, मुदत संपली, की तोच आकडा पुढे दुसऱ्याच काँट्रॅक्टला मिळू शकतो. जुना डेटा साठवायचा तर एक्स्चेंज आणि ट्रेडिंग सिम्बॉल मिळून साठवा, आणि स्क्रिप्सची यादी रोज सकाळी नवी उतरवा.

ऑर्डरसोबत द्यायच्या सीएनसी, एमआयएस, एनआरएमएल या अक्षरांना कोणी धड उलगडून सांगत नाही. नव्या माणसासाठी: पहिलं डिलिव्हरी, म्हणजे शेअर घेऊन ठेवायचे, दुसरं त्याच दिवशी काढून मोकळं व्हायचं, तिसरं फ्युचर-ऑप्शनमध्ये उद्यापर्यंत ठेवायचं.

कटकट एकच. ॲक्सेस टोकन, म्हणजे लॉगिननंतर मिळणारी प्रोग्रामची किल्ली, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मरतं. म्हणजे रोज हाताने लॉगिन, वर टीओटीपी (दर काही सेकंदांनी बदलणारा कोड). पावणेनऊचा गजर लावलाय. तो वाजला की बायको स्वयंपाकघरातून विचारते, "झाला का?" मी म्हणतो, अजून पोचच यायचीय.