शब्दाचं मूळ शोधायचंय? आधी कोणता कोश उघडाल

शब्दांचा नाद लागला की सुरुवातीला ग्रुपवर फिरणाऱ्या व्युत्पत्त्या पुरतात. मग त्यातल्या निम्म्या जुळवाजुळव वाटू लागतात आणि हाताशी एक खात्रीचा कोश असावा असं वाटतं. पण एकच निवडायचा तर कोणता?

त्याआधी तुम्हाला नेमकं काय हवंय ते ठरवा. 'राजीनामा' घ्या. त्याचं मूळ एका ओळीत संपतं: राजी आणि नामा, म्हणजे संमतीचा कागद. हिंदीत आजही राजीनामा म्हणजे तडजोडपत्र. मग मराठीत तो नोकरी सोडण्याचा अर्ज कसा झाला? मुंबई इलाख्याच्या महसुली कारभारात जमिनीचा कब्जा सोडणारा राजीनामा लिहून द्यायचा आणि तीच जमीन घेणारा कबुलायत. या 'सोडून देण्या'तून आजच्या अर्थाची वाट दिसते. निव्वळ व्युत्पत्ती देणारा कोश तुम्हाला 'राजी + नामा'पाशीच सोडून देतो. पुढचं कळायला अर्थ क्रमाने मांडणारा, वापर दाखवणारा कोश लागतो. माझं मत असं की 'शब्दाचं मूळ हवंय' म्हणणाऱ्या बहुतेकांना खरं तर ही दुसरी गोष्ट हवी असते.

म्हणून पहिली पसंती दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाला. सात खंड, 1932 ते 1938, आणि 1950 ची पुरवणी. नोंद मराठीतच आहे. आधी लिंग, मग आकडे घालून अर्थ, मधे जुन्या ग्रंथांतली अवतरणं आणि शेवटी चौकोनी कंसात मूळ. मला यातल्या गोल कंसांचा जास्त लोभ आहे. (व.) म्हणजे वऱ्हाडी, (गो.) म्हणजे गोमंतकी, (राजा.) म्हणजे राजापुरी. तुमच्या आजीचा 'चुकीचा' शब्द अशा कंसासकट मानाने बसलेला सापडतो, आणि घरातला एक वाद मिटतो. उणीव म्हणाल तर मूळ फार त्रोटक दिलेलं असतं आणि ते का, हे बहुधा सांगितलेलं नसतं.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश याहून शंभर वर्षं जुना: पहिली आवृत्ती 1831, वाढवलेली दुसरी 1857. अर्थ इंग्रजीत असल्याने काही जण बिचकतात, पण एकोणिसाव्या शतकातली बोलती मराठी इतक्या जवळून दुसरीकडे क्वचितच ऐकू येते. जवळच्या अर्थाच्या शब्दांमधला बारीक फरक सांगायला तो जागोजागी थांबतो. संस्कृत, फारसी, अरबी अशी मुळं मात्र नुसत्या एकेका अक्षराने उरकतो. वापराचा शौक असेल आणि इंग्रजीची अडचण नसेल तर दात्यांच्या जोडीला हाच घ्या.

कृ. पां. कुलकर्णींचा मराठी व्युत्पत्ति कोश (1946) नावावरून पहिला उचलावासा वाटतो. मी तो दुसऱ्या फळीत ठेवेन. मूळ आणि भगिनी भाषांतली रूपं तो चटकन दाखवतो, एकाच खंडात मावतो, हे सोयीचं. पण द्राविडी भाषांचा बरो-एमेनो कोश आला 1961 साली आणि इंडो-आर्य भाषांचा टर्नरचा कोश त्याच दशकात पुरा झाला. कुलकर्णींच्या हाताशी हे दोन्ही नव्हते. 'अडकित्ता'सारख्या कानडीशी नातं सांगणाऱ्या शब्दाला त्यांच्या एकट्याच्या साक्षीवर निकाल देऊ नये.

टर्नर मात्र पडताळ्याला पक्का. त्यात शब्द संस्कृत रूपाखाली लावलेले आहेत आणि सगळं रोमन लिपीत, वर-खाली टिंबं-रेघांसकट. सुरुवातीला वैताग येतो. पण 'पाऊस' शोधून बघा. संस्कृत प्रावृष्, म्हणजे पावसाळा, प्राकृतात पाउस, आणि मग आपला पाऊस, अशी साखळी समोर येते. ऋतूचं नाव आकाशातून पडणाऱ्या पाण्याला मिळालं, हेही त्यात आलंच. मात्र 'पगार', 'चावी', 'तुरुंग', 'घमेलं' इथे शोधू नका. ते पोर्तुगिजांकडून आले. 'अफरातफर'ही नाही, ती अरबी-फारसी 'इफ्रात-तफ्रीत'ची मोडतोड. फारसीपुरतं माधव जूलियनांचा फार्शी-मराठी कोश (1925) बघावा, दुसरीकडे वणवण करू नये.

ज्ञानेश्वरी किंवा लीळाचरित्र वाचत असाल तर तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश (1999) लागेलच. तसं नसेल तर घाई नाही.

आणि ज्यांना व्युत्पत्तीशी देणंघेणं नाही, फक्त ऱ्हस्व-दीर्घ आणि सामान्यरूपं अडतात, त्यांनी वरचं सगळं सोडून अरुण फडके यांचा मराठी लेखन-कोश घ्यावा. दाते-मोल्सवर्थ बघून आजचं शुद्धलेखन ठरवू नये, कारण ते 1962 च्या नियमांआधीचे आहेत.

शोधताना अडचण येते तीही याच कारणाने. मोल्सवर्थ, दाते, टर्नर, बरो-एमेनो, तुळपुळे-फेल्डहाउस हे सगळे शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल कोशसंग्रहात फुकट आहेत. पण तिथे 'घमेलं' टाकून काही मिळालं नाही तर शब्द नाही असं समजू नका, 'घमेलें' टाका. 'केळे' नाही, 'केळें'. 'करणे' नाही, 'करणें'. नियमांनी जे अनुस्वार काढले ते या कोशांत अजून जागेवर आहेत.

दोन कोशांत दोन मुळं दिसली तर घाबरायचं कारण नाही. 'साबण' पोर्तुगीज साबाँवरून की अरबी साबूनवरून, हा वाद आहेच. दोन्ही शब्द मागे जाऊन एकाच लॅटिन शब्दाला मिळतात, त्यामुळे नुसत्या रूपावरून निकाल लागणं अवघड. शब्द आधी कोणत्या काळच्या, कुठल्या प्रांतातल्या कागदांत दिसतो हे बघावं लागतं, आणि अवतरणं देणारा कोश तिथे पुन्हा दात्यांचाच.