तात्या विंचू लावायचा की सोमेश्वरची सुलोचना?

दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे जमतात, रात्रीची जेवणं उरकतात आणि कुणीतरी म्हणतं, "भुताचा लावा, पण हसायला येईल असा." आमच्या बेळगावकडच्या घरांत तो प्रश्न लगेच दोन भाषांचा होतो. आजीला मराठीच हवं असतं, गोकाकहून आलेल्या वहिनींना कन्नड जवळचं, पोरांना दोन्ही चालतं. गेल्या वर्षभरात मला खानापूर, निपाणीकडच्या नातेवाइकांनी हेच विचारलं आहे, आणि नावं दरवेळी तीच दोन: १९९३ चा 'झपाटलेला' आणि २०२५ चा कन्नड 'सु फ्रॉम सो'. दोन्ही कमी पैशांत केलेले, दोन्ही लोकांनी डोक्यावर घेतलेले. मी दोन्ही घरच्यांसोबत बसून पाहिले आहेत, तेव्हा जे दिसलं ते सांगतो.

आधी 'झपाटलेला'. मरता मरता एका गुंडाचा जीव बाहुल्यात शिरतो ही मूळ कल्पना १९८८ च्या एका अमेरिकन भयपटावरून आलेली आहे, हे मान्य करायला हवं. पण महेश कोठारेंनी ती इतकी आपलीशी केली की आज कुणाला मूळ आठवतही नाही. याचं मोठं श्रेय बाहुल्याला आहे. रामदास पाध्ये यांच्या घरात बोलक्या बाहुल्यांची कला वडिलांपासून चालत आलेली, अर्धवटराव त्यांच्याच घरातला. त्या हातांनी तात्या विंचू हलवला आणि दिलीप प्रभावळकरांनी त्याला आवाज दिला. जबडा उघडतो, डोळे बाजूला वळतात, आणि "ओम फट् स्वाहा" ऐकू येतं. एवढंच, पण पुरतं. माझ्या बहिणीच्या घरी वडगावला हा चित्रपट लावला होता. सात वर्षांची भाची शेवटपर्यंत खदखदून हसली. झोपायच्या आधी मात्र तिनं शोकेसमधली आपली बाहुली काढली, तिचं तोंड भिंतीकडं केलं, पुन्हा वळून खात्री केली आणि मगच दिवा घालवू दिला.

विनोदाचा भार लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यावर आहे. बाहुला जिवंत आहे हे एकट्या लक्ष्याला कळलेलं असतं आणि दुसरं कुणी विश्वास ठेवत नाही. त्या केविलवाण्या धावपळीत हसू आणि भीती एकाच वेळी येते. असं करून दाखवणारा नट मिळाला की पैशांची कमतरता अर्धी भरून निघते.

उरलेली अर्धी दिसते. मारामाऱ्या लांबतात, गाणी मध्येच येतात, पोलिसांचे काही प्रसंग नसते तरी चाललं असतं. बाहुला जवळून दिसतो तेव्हा जिवंत वाटतो. तो दूरवर हालचाल करायला लागला की हात कुठं आखडता घेतला ते कळतं. बायकांच्या वाट्याला फारसं काही आलेलं नाही. आजच्या मोठ्या टीव्हीवर जुनं चित्रणही फिकट वाटतं.

'सु फ्रॉम सो'ची गोष्टच वेगळी आहे, कारण त्यात दाखवायचं असं भूत जवळजवळ नाहीच. मंगळूरकडच्या किनारपट्टीवरचं एक गाव. अशोक नावाचा तरुण एका अडचणीतून सुटायला भूत लागल्याचं सोंग घेतो, आणि बघता बघता सोमेश्वरच्या सुलोचनानं त्याला धरलंय अशी बोलवा होते. नावातला 'सु' म्हणजे सुलोचना, 'सो' म्हणजे सोमेश्वर. जे. पी. थुमिनाड यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच चित्रपट, अशोकची भूमिकाही त्यांचीच. राज बी. शेट्टी निर्माते आहेत आणि भूत उतरवणाऱ्या गुरुजींच्या वेशात धमाल करतात. खर्च पाच कोटींच्या आसपास झाल्याचं सांगतात, कमाई शंभर कोटींच्या पुढं गेली.

हे का जमलं, याचं उत्तर कर्नाटकात राहणाऱ्याला लवकर सापडतं. नव्वदच्या दशकात राज्यात 'नाळे बा'ची लाट आली होती. रात्री दार वाजवणारी बाई परत जावी म्हणून लोक दारावर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असं लिहून ठेवत. हीच कल्पना पुढं २०१८ च्या हिंदी 'स्त्री'मध्ये आली. खडूनं लिहिलेल्या दोन शब्दांना खर्च किती येतो? गावानं विश्वास ठेवला की झालं. 'सु फ्रॉम सो' हेच करतो. दारासमोर सगळी गल्ली गोळा झालेली, प्रत्येकाचं वेगळं निदान, कुणी उतारा सांगतंय, कुणी मागं सरकतंय. हे चेहरे पाहताना मला आमच्या गल्लीतली माणसं आठवत राहिली. बजेट कुठंच उणं पडत नाही, कारण भीती माणसांच्या बोलण्यात आहे.

उणीव आहे ती उत्तरार्धात. एका निराधार मुलीचं दुःख पुढं येतं आणि चित्रपट गंभीर होतो. मला तो भाग मनापासून आवडला, कारण बायकांच्या दुःखापुढं गाव कसं गप्प बसतं ते तिथं दिसतं. पण पहिल्या तासाची गती तिथं राहत नाही, आणि नुसतं हसायला बसलेली माणसं चुळबुळतात. शिवाय दारूचे प्रसंग आहेत, आणि लहान मुलांसमोर अवघडल्यासारखं होईल अशा एकदोन जागाही आहेत.

आणखी एक अडचण, जी आपल्याच भागात जाणवेल. "आम्हाला कन्नड येतं" म्हणून बिनधास्त बसू नका. आपलं कन्नड धारवाडी वळणाचं, चित्रपटातलं किनाऱ्यावरचं. आपण 'काय'ला 'एन' म्हणतो, तिकडं 'एंत' म्हणतात, आणि वाक्यावाक्याला 'मारायरे' येतं. गोकाकच्या वहिनींनासुद्धा पहिली दहा मिनिटं कान लावून ऐकावं लागलं. मराठीत तो उपलब्ध असल्याचं मला आढळलेलं नाही, त्यामुळं कन्नड न समजणाऱ्यांची भिस्त पडद्याखालच्या इंग्रजी ओळींवर. वयस्कर डोळ्यांना ते झेपत नाही.

तेव्हा दहा वर्षांखालची मुलं आणि आजी-आजोबा एकत्र बसणार असतील तर 'झपाटलेला' लावा, बाहुल्या मात्र आधी दुसऱ्या खोलीत ठेवा. कॉलेजची मुलं, त्यांचे आईबाप आणि घरात एकजण तरी चांगलं कन्नड जाणणारा असेल तर 'सु फ्रॉम सो'. मंडळाच्या मांडवात दाखवायचा विचार असेल तर हक्क कुणाकडं आहेत ते विचारून परवानगी घ्या, घरासाठी घेतलेल्या ओटीटीच्या वर्गणीवर तसं दाखवता येत नाही.

आमच्याकडं शेवटी 'सु फ्रॉम सो'च लावला गेला. वहिनी आजीच्या कानाशी बसून एकेक वाक्य मराठीत सांगत होत्या. अर्ध्या तासानं आजीनं त्यांचा हात धरून थांबवलं. "राहू दे गं, कळतंय मला. आमच्या माहेरी पण असंच झालेलं." मग आम्ही चित्रपट थांबवला आणि आधी तिच्या माहेरची गोष्ट ऐकली.