बास्केटबॉल रेफरन्स: खेळाडूचे मोल मोजणाऱ्या संकेतस्थळाचे परीक्षण

गोव्यातल्या फोंड्यातील आमच्या बास्केटबॉलच्या गटात गेली कित्येक वर्षे एकच वाद निरनिराळ्या रूपांनी चालू आहे: खेळाडूचे खरे मोल कशावरून ठरवायचे? एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे सामने आपल्याकडे पहाटे दिसतात. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा दारात वाजतो तेव्हा बहुधा तिसरे सत्र चालू असते आणि संध्याकाळी कोर्टवर भेटलो की त्याच सामन्याची उजळणी होते. पावसाळ्यात उघडे कोर्ट ओले राहते आणि एनबीएचा मोसमही जूनमध्ये संपलेला असतो, त्यामुळे मग जुने मोसम उकरून काढले जातात. या सगळ्यात ज्या संकेतस्थळाचा हवाला सर्वाधिक वेळा दिला जातो, ते म्हणजे खेळाडूंचे आणि सामन्यांचे आकडे देणारे ‘बास्केटबॉल रेफरन्स’. मी ते नियमाने वापरते, मुलींच्या एका शालेय संघाची गुणनोंद ठेवताना त्यातून पुष्कळ शिकले आहे, आणि म्हणूनच त्याचे नीट परीक्षण करावेसे वाटले.

जस्टिन कुबात्को यांनी सुरू केलेले हे संकेतस्थळ आज ‘स्पोर्ट्स रेफरन्स’ या समूहाचा भाग आहे. एनबीएच्या १९४६-४७ च्या पहिल्या मोसमापासूनच्या प्रत्येक खेळाडूचे स्वतंत्र पान येथे आहे आणि ते पाहण्यासाठी पैसे पडत नाहीत. स्वतःच्या अटी घालून हजारो सामन्यांतून शोध घ्यायचा असेल तर ‘स्टॅटहेड’ ही सशुल्क सेवा आहे. सामान्य वाचकाला तिची गरज भासत नाही. पानावर मजकूर आणि तक्ते हेच मुख्य असल्याने सत्तरी तालुक्याच्या आतल्या भागात, जिथे मोबाइलला रेंज जेमतेम येते, तिथेही ते उघडते. तक्ता रुंद असल्याने फोनवर आडवे सरकवत वाचावे लागते, एवढेच.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्याचा उघडेपणा. येथे दिलेल्या प्रत्येक प्रगत आकड्याचे स्पष्टीकरण मिळते आणि मुख्य सूत्रे तर पूर्ण मांडलेली आहेत. याचे मोल मला दुसऱ्या एका ॲपमुळे कळले. त्याची वर्षभराची वर्गणी मी भरली होती. ते प्रत्येक खेळाडूला शंभरपैकी एक गुण देत असे आणि तो कसा काढला हे विचारले असता सूत्र गुप्त आहे असे उत्तर आले. ज्या आकड्याचा उलगडा होत नाही त्याच्यावर वाद घालता येत नाही, फक्त विश्वास ठेवता येतो किंवा ठेवता येत नाही.

उलगडा होणारा आकडा कसा उपयोगी पडतो, हे माझ्या वहीतल्या एका सामन्यावरून सांगते. आमच्या एका मुलीने १८ गुण केले आणि दुसरीने १४. टाळ्या अर्थातच पहिलीला मिळाल्या. पण पहिलीने १६ शॉट आणि ४ फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकी) घेतले होते, तर दुसरीने ८ शॉट आणि ६ फ्री थ्रो. घेतलेल्या संधींच्या मानाने गुण किती मिळाले हे सांगणाऱ्या ‘ट्रू शूटिंग’चे सूत्र सोपे आहे: फ्री थ्रोंना ०.४४ ने गुणायचे, ते शॉटमध्ये मिळवायचे, बेरजेची दुप्पट करायची आणि गुणांना तिने भागायचे. पहिलीचे उत्तर ५०.७ टक्के आले, दुसरीचे ६५.८. संघाच्या वाट्याला चेंडूचा ताबा मोजकेच वेळा येतो, आणि तो कोणी किती फुकट घालवला याचा हिशेब नुसत्या गुणांच्या रकान्यात दिसत नाही. पुढच्या सामन्यात दुसऱ्या मुलीकडे चेंडू अधिक वेळा द्यायचे ठरले, ते या दोन भागाकारांमुळे.

मात्र ‘ट्रू शूटिंग’ एका कौशल्याचा आकडा आहे. वाद पेटतो तो सगळा खेळ एका आकड्यात बसवणाऱ्या मापांवरून. त्यातले सर्वांत जुने आणि परिचित माप म्हणजे जॉन हॉलिंजर यांचे ‘पीईआर’ (प्लेअर एफिशियन्सी रेटिंग). मिनिटांचा आणि संघाच्या वेगाचा हिशेब लावून ते काढतात आणि दरवर्षी लीगची सरासरी बरोबर १५ वर आणून ठेवतात. ही सरासरी पक्की असल्याने २० म्हणजे चांगला, २५ च्या वर म्हणजे मातब्बर, असे चटकन समजते. निकोला योकिचचा २०२१-२२ चा आकडा ३२ च्या वर गेला होता. त्या मोसमात २००० गुण, १००० रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणे) आणि ५०० असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) एकत्र करणारा तो पहिलाच खेळाडू ठरला, तेव्हा आकडा आणि डोळ्यांना दिसलेला खेळ यांचे चांगलेच जुळले.

परंतु ब्रूस बोवेनचे पान उघडले की याच मापाची मर्यादा स्पष्ट होते. सॅन अँटोनिओ स्पर्सच्या २००३, २००५ आणि २००७ या तिन्ही अजिंक्यपदांत तो होता आणि बचावासाठीच्या सर्वोत्तम संघांत आठ वेळा निवडला गेला. तरी त्याचा कारकिर्दीचा पीईआर सरासरीच्या पुष्कळ खाली आहे. कारण साधे आहे. प्रतिस्पर्ध्याचा सर्वांत धोकादायक खेळाडू पूर्ण सामनाभर अडवून धरणे, त्याला अवघड जागेवरून शॉट घ्यायला लावणे, याची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही. नोंद होते ती स्टीलची (चेंडू हिसकावण्याची) आणि ब्लॉकची (शॉट हाताने अडवण्याची). उलट, अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड बेरी यांनी दाखवून दिले आहे की दोन गुणांचे साधारण ३० टक्क्यांहून अधिक शॉट पडले तरी खेळाडूचा पीईआर वाढत जातो. म्हणजे वाईट शॉट घेत राहणाऱ्याला हे सूत्र पुरेसे अडवत नाही. ही त्रुटी मला गंभीर वाटते आणि पीईआरवर वाद संपवणाऱ्या माणसाला मी प्रथम बोवेनचे पान दाखवते.

‘विन शेअर्स’ संघाचे विजय खेळाडूंमध्ये वाटते. त्याचा बचावाचा हिस्सा बराचसा संघाच्या एकूण बचावावर अवलंबून असल्याने चांगल्या संघातल्या सुमार बचावपटूलाही श्रेय मिळून जाते. मी ते फारसे वापरत नाही.

डॅनियल मायर्स यांचे ‘बॉक्स प्लस-मायनस’ म्हणजेच ‘बीपीएम’ मात्र बारकाईने अभ्यासावे असे आहे. दर १०० पझेशनला (चेंडूच्या ताब्याला) हा खेळाडू सरासरी खेळाडूच्या तुलनेत संघाला किती गुणांची भर घालतो, याचा अंदाज ते देते. शून्य म्हणजे सरासरी. आमच्या गटातला सर्वांत कडाक्याचा वाद याच मापाने निकाली निघणार असे वाटले होते. २०१६-१७ मध्ये रसेल वेस्टब्रुकने सरासरी ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड आणि १०.४ असिस्ट अशी कामगिरी केली आणि एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू, तोच ठरला. त्याच्या संघाने ४७ सामने जिंकले, तर जेम्स हार्डनच्या संघाने ५५. वेस्टब्रुकच्या बाजूचे लोक त्याचा १५ च्या वरचा बीपीएम पुढे करीत आणि हार्डनच्या बाजूकडे उत्तर नसे. पुढे २०२० मध्ये मायर्स यांनी सूत्र सुधारले. जुन्या सूत्रात रिबाउंड आणि असिस्ट यांच्या गुणाकारावर आधारलेले एक पद होते, त्यामुळे दोन्ही भरपूर असणाऱ्याला अवाजवी फायदा होत असे. ते पद गेले आणि वेस्टब्रुकचा त्याच मोसमाचा आकडा ११ च्या आसपास उतरला. सामने तेच, शॉट तेच, रिबाउंड तेच, आणि खेळाडूचे मोल चार गुणांनी कमी! मला यात संकेतस्थळाचा दोष दिसत नाही. सूत्र का बदलले हे त्यांनी सविस्तर लिहून ठेवले आहे, आणि आपण मोजतो ते खेळाडूला नव्हे, खेळाडूविषयीच्या एका अंदाजाला, हे मला त्या पानाने जितके स्वच्छ समजावले तितके कोणत्याही चर्चेने समजावले नव्हते.

मोसम जितका जुना तितकी सावधगिरी अधिक हवी. स्टील आणि ब्लॉक यांची अधिकृत नोंद १९७३-७४ पासून होऊ लागली. बिल रसेलने ११ अजिंक्यपदे मिळवली ती त्याआधी, आणि ज्या ब्लॉकसाठी तो प्रसिद्ध होता तो रकाना त्याच्या पानावर रिकामाच आहे. सिम भुल्लर हा एनबीएत खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. २०१५ मध्ये तो सॅक्रामेंटो किंग्जकडून तीन सामन्यांत काही मिनिटांसाठी उतरला. अशा खेळाडूच्या पानावरही प्रगत आकडे छापलेले असतात, पण एवढ्याशा खेळातून निघालेल्या आकड्याला काही अर्थ नाही, म्हणून आधी मिनिटांचा रकाना पाहण्याची सवय लावून घ्यावी.

एक उणीव मला खरोखर जाणवते. खेळाडू मैदानावर असताना आणि नसताना गुणांचा फरक किती, ही माहिती येथे १९९६-९७ पासूनच्या मोसमांसाठी मिळते. परंतु सोबतचे नऊ खेळाडू कोण होते याचा हिशेब लावून शुद्ध केलेला फरक मिळत नाही. बोवेनसारख्यांना न्याय देऊ शकेल असे माप तेच आहे. भारतीय स्पर्धांची पानेही येथे नाहीत, त्यामुळे आपल्याला इथून आकडे घेता येत नाहीत, पद्धत मात्र घेता येते.

आमच्या शाळेच्या जुन्या प्रशिक्षकांना मी एकदा बीपीएम समजावून सांगत होते. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “अगं, ते ठीक आहे. पण ती पोरगी बाकावर बसली की तुमच्यावर किती गुण चढतात, ते लिहून ठेवलं आहेस का?” लिहून ठेवले नव्हते. त्यानंतर मी वहीत एक रकाना वाढवला: बदली खेळाडू उतरली की त्या क्षणाचा गुणफलक. पाच सामन्यांच्या नोंदी झाल्या आहेत. सर्वांत कमी गुण करणारी, पण स्क्रीन लावणारी (सहकाऱ्यासाठी बचावपटूची वाट अडवणारी) आणि रिबाउंडच्या वेळी प्रतिस्पर्ध्याला पाठीवर अडवून धरणारी मुलगी चार सामन्यांत अधिक चिन्हासह बाहेर आली आहे, म्हणजे ती मैदानावर असताना आमच्या संघाने दिलेल्या गुणांपेक्षा जास्त गुण मिळवले. पाच सामने फार थोडे आहेत, हे मी सरांनाही सांगितले आहे. या मोसमाचे उरलेले सामने झाले की ती वही घेऊन पुन्हा त्यांच्याकडे जायचे आहे.