ॲल्युमिनियमच्या नावाखाली फायबर : हाताने बनवलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये माझे १६,३८,५०० रुपये गेले

वर्कशॉपवाल्याला दिलेले १४,२८,५०० रुपये, आणि या गाडीसाठी त्याच्याच सांगण्यावरून घेतलेली २,१०,००० रुपयांची जुनी हॅचबॅक. एकूण १६,३८,५००. एवढ्यात मला हाताने ठोकून घडवलेली, ॲल्युमिनियम बॉडीची टू-सीटर मिळणार होती. मिळाली ती फायबरची. वर चकचकीत रंग, आतून काळा थर आणि मधे काचेच्या धाग्यांची मॅट. हे लिहिताना लाज वाटते. घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. तरी लिहितोय, कारण तो माणूस आजही गिऱ्हाइकं घेतोय.

टोकन, मग हप्ते, मग ‘साहेब, थोडं वाढलंय’ हा प्रकार कसा चालतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही होतं. म्हणूनच मी गोड बोलण्याकडे लक्ष दिलं नाही, हात बघितला. त्याने माझ्यासमोर ॲसिटिलीनची ज्योत पत्र्यावर धरून काजळी चढवली, मग ऑक्सिजन सोडून तीच काजळी सावकाश जाळली. काजळी उडाली की ॲल्युमिनियम मऊ झालं, ही जुन्या कारागिरांची खूण. मग वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीने ठोकलं, इंग्लिश व्हीलमधून, म्हणजे पत्रा दोन चाकांमध्ये दाबणाऱ्या यंत्रातून, मागेपुढे फिरवत गुळगुळीत केलं, आणि सपाट पत्र्याचा मडगार्ड माझ्या डोळ्यांसमोर उभा केला. ज्याला हे येतं त्याच्यावर संशय कोण घेईल? तुम्ही घेतला असता? पुढे त्याच्याकडेच फसलेला आणखी एक जण भेटला. त्याच्या फोटोतही तोच मडगार्ड होता, कडेला तोच आडवा ओरखडा. तो तुकडा कुठल्याच गाडीला लागत नाही. तो फक्त दाखवायला ठेवलेला आहे.

पैसे असे गेले. टोकन १,५०,०००. पत्रा आणि लाकडी साचा ३,२०,०००, हे रोख, कारण ‘बिलाने घेतलं तर जीएसटी पडेल’. ट्यूबची चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, २,८५,०००. बॉडीचं पत्राकाम ४,७५,०००. ॲल्युमिनियम जोडायच्या आर्गॉन वेल्डिंगचा वाढीव खर्च ३८,५००. रंग १,६०,०००. ते ३८,५०० मला सगळ्यात जास्त झोंबतात. जे वेल्डिंग झालंच नाही, त्याच्या गॅसचे पैसे त्याने मागून घेतले.

पत्र्याचं बिल मागा, आणि त्यावर ग्रेड आणि वजन दोन्ही हवं. अशा बॉडीला साधारणपणे ३००३ ग्रेडचा पत्रा वापरतात. आठ बाय चार फुटांचा १.६ मिलिमीटरचा एक पत्रा जेमतेम १३ किलो भरतो. दहा पत्रे धरले तरी १३० किलो. पत्रा किलोवर मिळतो, त्यामुळे रक्कम खरी की फुगवलेली हे पाच मिनिटांत कळतं. मला पत्र्यांच्या थप्पीचा फोटो पाठवला होता. फोटो कोणाच्याही गोदामात काढता येतो.

आता तो दिवस, ज्याच्या आठवणीने अजून रात्री जाग येते. बॉडी चॅसीवर बसली होती, बाहेरून करडा प्रायमर मारलेला. मी म्हटलं, रंगाच्या आधी पत्रा बघू. त्याने खिशातून लोहचुंबक काढलं, बोनेटला लावलं आणि सोडलं. चुंबक घसरून खाली पडलं. ‘बघा साहेब, चिकटतंय का? लोखंड असतं तर चिकटलं असतं.’ मी मान हलवली.

चुंबक फायबरलाही चिकटत नाही! लाकडालाही नाही, काचेलाही नाही. त्या चाचणीने फक्त एवढंच सिद्ध होतं की समोर लोखंड नाही. लोखंडाचा प्रश्न मी विचारलाच नव्हता, तो त्यानेच काढला आणि त्यानेच त्याचं उत्तर दिलं. मी वाकून मडगार्डच्या आत बघितलं तर आतून जाड काळं कोटिंग. ‘आवाज कमी व्हावा म्हणून आधीच मारलं.’ आवाज दाबायला आतून कोटिंग मारतात हे मी वाचलेलं होतं, त्यामुळे मला ते पटलं. पण बाहेरून अजून फिटिंग चालू आहे, दाराच्या फटी जुळवायच्या आहेत, म्हणजे ठोकाठोक बाकी आहे, अशा वेळी आतून कोटिंग कोण मारतो? हाताने घडवलेल्या पत्र्याची खरी ओळख मागच्या बाजूला असते. मोगरीचे ठसे, वेल्डिंगची शिवण, घासल्याच्या खुणा. तीच बाजू त्याने झाकली. बोटाने टकटक केली असती तर पत्रा वाजला असता आणि फायबर बद्द बोललं असतं. मल्टिमीटरच्या दोन टोकांनी उघड्या कडेवर तपासलं असतं तरी कळलं असतं, कारण ॲल्युमिनियममधून वीज वाहते. पण समोरचा माणूस तासभर तुम्हाला ‘साहेब’ म्हणत, चहा पाजत चाचणी करून दाखवत असताना खिशातून मल्टिमीटर काढायचं कोणाच्या मनात येतं?

आणि फायबरची गाडी वाईट, असं माझं मुळीच म्हणणं नाही. एसी कोब्रा किंवा पोर्शे ५५० च्या मूळ बॉडी ॲल्युमिनियमच्या होत्या, पण आज जगभर मिळणाऱ्या त्यांच्या बहुतेक प्रतिकृती फायबरच्याच असतात. फायबर सांगून फायबरचे पैसे घ्यावेत. साच्यातून एकासारख्या दहा बॉडी निघतात, ठोकून घडवलेली एकच निघते. मी त्या एका बॉडीचे पैसे मोजले.

गाडी चालवली तेव्हा उलगडा झाला. मोकळ्या रस्त्यावर पहिल्याच खडबडीत पट्ट्यात पुढचा भाग थरथरायला लागला. घरी येऊन बघतो तर बोनेटच्या बिजागरीभोवती रंगाला चांदणीसारखे तडे. नखाने टवका उचलला आणि खालून पांढरे धागे बाहेर आले. पत्र्याला पोचा येतो, असे तडे जात नाहीत.

त्याला फोन केला. पहिल्यांदा ‘तेवढाच भाग फायबरचा आहे’, मग ‘तुम्हाला सांगितलं होतं’, मग फोन बंद.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न : ‘एवढे पैसे खेळण्यातल्या गाडीला दिलेत?’ दुसरं उत्तर : ‘हा दिवाणी मामला आहे, वकील बघा.’ काही हप्ते यूपीआयने दिले म्हणून सायबर शाखेकडे पाठवलं. तिथे म्हणाले, माणूस तुमच्या ओळखीचा आहे, ही ऑनलाइन फसवणूक नाही, ठाण्यात जा. रोख ३,२०,००० चं ऐकल्यावर मलाच दम दिला, ‘तुम्हीच अडकाल.’ दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्यात बंदी आहे आणि त्याचा दंड घेणाऱ्याला आहे. हे मला वकिलाने सांगितलं, ठाण्यात कोणी सांगितलं नाही. एक वस्तू दाखवून दुसरी गळ्यात मारणं ही फसवणूक नसेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे? ठाण्यात गुन्हा नोंदवत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवा, तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. माझा अर्ज पोचल्याची पावती आली आहे. पुढे काहीच नाही.

आरटीओचा अनुभव त्याहून वाईट. ‘पासिंगचं माझ्यावर सोडा’ असं वर्कशॉपवाला म्हणाला होता. प्रत्यक्षात आरसी अजून त्या हॅचबॅकचीच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचे तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. मी कार्यालयात तक्रार द्यायला गेलो तर गाडी जप्त करण्याची भाषा माझ्याशीच. वर्कशॉपवर कारवाई करा म्हटलं तर ‘तो आमचा विषय नाही.’ मग कोणाचा विषय आहे? तो बोर्ड लावून उघडपणे हेच काम विकतोय! तेव्हा ‘पासिंग करून देतो’ हे वाक्य जो उच्चारेल त्याच्याकडे, गाडी धातूची असो वा फायबरची, आधी त्याने केलेल्या गाडीची आरसी मागा. दाखवत नसेल तर तिथूनच परत फिरा.

सध्या प्रकरण ग्राहक आयोगात आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात जाता येतं, आपण राहतो त्या जिल्ह्यातही दावा लागतो, पण दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. समोरचा पहिल्या तारखेला आलाच नाही. पुढची तारीख पडली आहे. त्याचे सगळे संदेश मी ठेवलेत. ‘फुल ॲल्युमिनियम बॉडी’ हे शब्द त्याने स्वतः टाइप केलेले आहेत, आणि वकिलाच्या मते माझ्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे. तोंडी ठरलेलं प्रत्येक वाक्य त्याच रात्री संदेशात लिहून ‘बरोबर ना?’ विचारून ठेवा.

ज्यांची गाडी आत्ता अशा कुठल्या वर्कशॉपमध्ये प्रायमरवर उभी आहे, त्यांनी रंगाचा हप्ता थांबवा. उद्याच जा, मडगार्डच्या आतला काळा थर स्क्रूड्रायव्हरने खरवडा. तो नको म्हणाला तरी खरवडा.