मोरसचा वाटा: पाचपैकी चवीला साडेचार, सोयीला दोन

उरण-पेण-अलिबागकडची खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीतली, मोरस ही खारट पालेभाजी घ्यायची, तर वाट्याच्या वरचा नव्हे, खालचा पाला बघा. वर कोवळे शेंडे आणि खाली जून काड्या, हा प्रकार नेहमीचा. नखाने शेंडा खुडला की कट्कन तुटून बोटाला पाणी लागलं पाहिजे. दोरा निघाला तर ती भाजी नव्हे, सरपण. लालसर पालाही नको. पाऊस सरून खाजण तापलं की पानात मीठ साठत जातं आणि पाला लालसर होतो. नाल्याच्या किंवा कारखान्याच्या तोंडाशी खुडलेली तर फुकट मिळाली तरी घेऊ नये, चिखलातले जड धातू झाडात उतरतात.

निवडायला वेळ जातो. वरची दोन-तीन बोटंच घ्यायची, गाळ बसेपर्यंत तीन-चार पाण्यांतून काढायची. मग भरपूर पाण्यात पाच मिनिटं उकळून पाणी ओतून द्यायचं आणि पाला घट्ट पिळायचा. टोपलीभर पाल्याची वाटीभर भाजी उरते, त्यामुळे चौघांना एक वाटा पुरत नाही.

दोन कांदे, आठ लसूण पाकळ्या, चार मिरच्या तेलावर परतून वेगळी शिजवलेली अर्धी वाटी चणाडाळ आणि पाला घाला. भाजून धुतलेला मूठभर जवळा असेल तर उत्तमच. मीठ अजिबात नाही! बिघडते ती इथेच, सवयीने चिमूट पडते. आमसूल शेवटी, आंबट आधी पडलं आणि डाळ कच्ची असली तर ती शिजतच नाही. उकळूनही थोडा खारटपणा राहतोच, रक्तदाबवाल्यांनी चवीपुरतीच खावी.

कुंडीत लावता येते. पिकलेल्या झाडाचं काळं, चकचकीत, बारीक बी गोड्या पाण्यात रात्रभर भिजवून वाळूमिश्रित मातीवर भुरभुरवा, वर मातीचा नुसता पापुद्रा. सुरुवातीलाच खारं पाणी दिलं तर बी नीट रुजत नाही. रोपं चार बोटं झाली की आठवड्यातून एकदा लिटरला दहा ग्रॅम मिठाचं पाणी द्या, एरवी गोडं. मिठाशिवायही झाड जगतं, पण पानं पातळ आणि चव गवताची. कुंडीखाली ताटली ठेवा. निथळलेलं पाणी शेजारच्या कढीपत्त्याला मिळालं की त्याची पानं कडेने करपतात.