कॅमेरा घेऊन झाला, आता महिन्याचे पैसेही भरायचे का?

डोअरबेल किंवा कॅमेरा घरी येतो, पहिला महिना सगळं छान चालतं, मग ॲप उघडलं की ‘प्लॅन घ्या’ सुरू होतं. आता तीन वाटा उरतात. मुकाट्याने पैसे भरा, मेमरी कार्डावर भागवा, नाहीतर सगळा कारभार कंपनीच्या सर्व्हरवरून उचलून घरातल्याच छोट्या कॉम्प्युटरवर आणा. पण आधी एक बघा: पैसे न भरता ती वस्तू नेमकं काय करायचं थांबते?

अमेरिकेत असाल तर दारावर ॲमेझॉनची ‘रिंग’ डोअरबेल असण्याची शक्यता बरीच. प्लॅन नसला तरी बेल वाजल्याचं कळतं, हालचालीची सूचना येते, थेट बघता-बोलता येतं. रेकॉर्डिंग मात्र होत नाही. म्हणजे तुम्ही मीटिंगमध्ये असताना दारातलं पार्सल गेलं, तर कोणी नेलं ते नंतर बघायला काहीच नसतं. एका कॅमेऱ्याच्या प्लॅनचे पूर्वी महिन्याला ३ डॉलर पडायचे, २०२२ मध्ये ते ४ झाले आणि २०२४ मध्ये ५. वर्षाचे एकदम भरले तर ५०. शंभरेक डॉलरच्या डोअरबेलवर पाच वर्षांत अडीचशे डॉलर! आणि साध्या रिंग डोअरबेलमध्ये कार्ड घालायला जागाच नाही, त्यामुळे दुसरी वाटही बंद. तरीही डोअरबेलसाठी ही फी मला अगदीच गैरवाजवी वाटत नाही. व्हिडिओ साठवायला कंपनीलाही दर महिन्याला खर्च येतो, आणि चोराने बेल उपटून नेली तरी त्याचा चेहरा क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर, राहतो.

आपल्याकडे भरपूर दिसणारा टीपी-लिंकचा टॅपो सी२०० याच्या उलट आहे. त्यात कार्ड बसतं, आणि कंपनीच्याच हिशेबाने १२८ जीबीवर सुमारे १६ दिवसांचं रेकॉर्डिंग मावतं. जुनं पुसून नवं आपोआप भरत राहतं. कार्डावरचं रेकॉर्डिंग फोनवरून, दुसऱ्या गावाहूनही बघता येतं. क्लाउडचा प्लॅन आहे, पण तो ऐच्छिक. धोका दोन ठिकाणी: कॅमेरा चोरीला गेला तर पुरावाही त्याच्यासोबत जातो, आणि सतत लिहून साधं कार्ड लवकर खराब होतं. म्हणून ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलंच कार्ड घ्या. आई-बाबा सांगलीत आणि तुम्ही न्यू जर्सीत असाल, तर हॉलमधल्या कॅमेऱ्यासाठी एवढं पुरतं. प्लॅनमधून फारसं जास्त काही मिळत नाही. फक्त कॅमेरा टेबलावर ठेवा. कार्ड बदलायला बाबांना स्टुलावर चढवू नका.

दिवे, पंखे, कुलपं सांभाळणाऱ्या हबचं गणित मात्र निराळं आहे. तिथे साठवायला व्हिडिओ नाही, तरी फी लागू शकते. अमेरिकेतल्या विंक या हबवाल्या कंपनीने मे २०२० मध्ये जुन्या ग्राहकांना जेमतेम आठवड्याची मुदत देऊन महिन्याला ४.९९ डॉलर मागितले. ओरड झाल्यावर तारीख जुलैअखेर ढकलली, फी कायम राहिली. नॉर्वेच्या फ्युचरहोम या तशाच कंपनीने २०२५ मध्ये दिवाळखोरीनंतर वर्षाला १,१८८ क्रोनर, म्हणजे साधारण दहा हजार रुपये मागायला सुरुवात केली. न भरणाऱ्यांचं ॲप आणि ऑटोमेशन बंद; दिवा भिंतीवरच्या बटणाने लावायचा. इथे पैसे सोयीचे नव्हते, आपलीच वस्तू आपल्याला परत वापरू देण्याचे होते.

हबच्या बाबतीत म्हणूनच मी तिसऱ्या वाटेकडे झुकतो. होम असिस्टंट हे घरातली अशी उपकरणं सांभाळणारं, २०१३ मध्ये सुरू झालेलं मुक्त सॉफ्टवेअर फुकट आहे आणि रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर चालतं. त्याला झिगबीचा (घरातल्या उपकरणांना आपसात जोडणाऱ्या बिनतारी पद्धतीचा) एक यूएसबी डोंगल लावला की बरेचसे झिगबी दिवे आणि सेन्सर थेट त्याला जोडता येतात, मग इंटरनेट गेलं तरी दिवे ऐकतात. (वीज गेली तर अर्थातच नाही. राउटर आणि रास्पबेरी पाय दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या.) टॅपोच्या तारेवर चालणाऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं चित्रही त्यात घेता येतं, बॅटरीवाल्यांचं सहसा नाही. घराबाहेरून जोडणीसाठी होम असिस्टंटवाल्यांची महिन्याला ६.५० डॉलरची सेवा आहे, पण टेलस्केल या खासगी जोडणी देणाऱ्या ॲपने ते काम फुकटही होतं. किंमत मोजायची ती वेळेची: अपडेटनंतर काहीतरी बिघडतं आणि दुरुस्त तुम्हालाच करावं लागतं. घरात याची आवड कुणालाच नसेल तर या भानगडीत पडू नका.

प्लॅन घ्यायचाच ठरला तर आधी महिन्याचा घ्या आणि कॅमेरे मोजा. दोन-तीनांच्या वर गेलात की प्रत्येकी प्लॅनपेक्षा सगळ्या घराचा एकच प्लॅन सहसा स्वस्त पडतो. भारतात कार्डावर ऑटोपे लावलं असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायलाच हवी, आणि १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा हप्त्यांना दर वेळी ओटीपी लागत नाही. ट्रायल सुरू करताना कार्ड दिलं असेल, तर ते मँडेट, म्हणजे पैसे कापायला दिलेली परवानगी, बँकेच्या ॲपमधून आजच तपासा.