बेळगावच्या सिटी बससाठी मोबाइल नकाशा: नऊ महिने वापरल्यावर

मी हिंडलग्याला राहते आणि कामाला उद्यमबागला जाते. वेंगुर्ला रोडवरून सीबीटी म्हणजे शहराचं मुख्य बसस्थानक, तिथं गाडी बदलून खानापूर रोडनं रेल्वेच्या तिसऱ्या गेटाच्या पुढे. ११ जून २०२३ ला कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट करणारी शक्ती योजना सुरू झाली तेव्हापासून आधार दाखवायचं, शून्य तिकीट घ्यायचं आणि बसायचं, असा रोजचा प्रवास आहे. पैसे वाचतात हे खरंच, पण बसथांब्यावर उभं राहण्याचा वेळ वाढला. थांब्याकडे नीट बघायला लागले ती तेव्हापासून.

नकाशा घेण्याचं कारण सांगते. ऑगस्टमधली पावसाची संध्याकाळ होती. टिळकवाडीतल्या एका थांब्यावर चंदगडकडचं एक वयस्क जोडपं पाऊण तास उभं होतं. आजोबांच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, भिजू नये म्हणून शर्टाच्या आत धरलेलं. "ताई, नेहरूनगरची गाडी हितनंच मिळते न्हवं?" तिथून थेट गाडी नव्हती, सीबीटीला बदलायला हवी होती. मार्गांचा तक्ता थांब्यावर होता, पण त्यावर एका क्लासचा फ्लेक्स ताणून बांधलेला. मी त्याचा कोपरा उचलून बघितला. आधीच्या कुठल्या तरी जाहिरातीच्या चिकटपट्टीबरोबर तक्त्याची अक्षरंही निघून आली होती. अर्धी ओळ शिल्लक होती आणि तीही कामाची नव्हती. वर थांब्याचं नाव असतं त्या पट्टीवर वाढदिवसाच्या शुभेच्छा. त्यांना सीबीटीच्या गाडीत बसवून दिलं आणि घरी येऊन त्याच रात्री ॲप शोधायला बसले.

आधी वेळापत्रक दाखवणारं एक फुकट ॲप घेतलं, ते तीन आठवडे टिकलं. थांबा शोधला की पूर्ण पडदाभर जाहिरात, ती बंद करायची फुली काही सेकंदांनी येणार, आणि तेवढ्यात गाडी समोरून निघून जाणार. त्याहून मोठी अडचण नावांची. अनगोळचं 'अंगोल', येळ्ळूरचं 'येलूर', हिंडलग्याचं 'हिंदलगा'. इंग्रजी स्पेलिंगवरून मशीननं केलेलं मराठी ते. माझ्या मावशीला फक्त मराठी वाचता येतं, तिला तिचंच येळ्ळूर त्यात सापडलं नाही. मला हे फार लागलं. ळ कन्नडमध्येही आहे आणि मराठीतही आहे, दोन्हीकडे तोच उच्चार. मधल्या इंग्रजीतून जाताना तो हरवतो आणि दोन्ही भाषांतल्या माणसांना आपलं गाव परकं दिसतं.

मग ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर चालणारं एक ॲप घेतलं, तेच आजपर्यंत वापरते. हा नकाशा २००४ मध्ये ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केला. कुणीही खातं उघडून त्यात भर घालू शकतं, चूक दुरुस्त करू शकतं. मी घेतलेल्या ॲपमध्ये जाहिरात नाही आणि एकदा नकाशा उतरवून घेतला की नेट लागत नाही. तुरमुरीच्या पुढे सिग्नल जातो तेव्हा याची किंमत कळते.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे यात एकाच ठिकाणाला प्रत्येक भाषेसाठी वेगळी जागा आहे. मराठी नाव 'नेम:एमआर' या रकान्यात जातं, कन्नड 'नेम:केएन'मध्ये. कुणाचं खोडून आपलं लिहावं लागत नाही. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. माझ्या मराठी फोनवर बेळगाव दिसतं, शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीच्या कन्नड फोनवर बेळगावी दिसतं, आणि दोघींना गाडी एकाच थांब्यावर मिळते. नावावरून या भागात किती जीव जळलाय हे इथल्या माणसाला सांगायला नको. म्हणून ही साधी सोय मला मोठी वाटते. कन्नड नावं तिनं तपासून दिली, मराठी मी भरली. जेवणाच्या सुट्टीत चार-चार थांबे करत आम्ही माझा अख्खा मार्ग पुरा केला.

भर घालायला स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप सोपं आहे. थांब्याजवळ उभं राहिलं की ते प्रश्न विचारतं: नाव काय, वर छप्पर आहे का, बसायला बाक आहे का. उत्तर दिलं की नोंद होते. दुसऱ्या नकाशावरून उतरवून घ्यायला परवानगी नाही, जागेवर जे आहे तेच लिहायचं. हा नियम मला पटतो. त्यामुळे लोक जे बोलतात ते नाव नकाशात येतं: पहिलं गेट, आरपीडी कॉर्नर, गोवावेस.

आता उणिवा. वेळापत्रक नाही, गाडी कुठवर आली ते कळत नाही. आपण केलेली दुरुस्ती मूळ नकाशात लगेच चढते, पण ॲपमध्ये उतरवलेल्या नकाशात यायला कधी महिना लागतो. गणपतीत गाड्यांचे मार्ग फिरवतात तेव्हा हा नकाशा काहीच उपयोगाचा नाही, तिथं कंडक्टरलाच विचारावं. आणि मार्ग जोडण्याचं काम किचकट आहे. कुठली गाडी कुठल्या क्रमानं थांबते ही साखळी मोबाइलवर बसवताना माझ्या दोन रविवारांची वाट लागली, शेवटी भाच्याच्या लॅपटॉपवर केलं.

जाहिरातीला माझा विरोध नाही. छपराचा, दिव्याचा खर्च त्यातून निघत असेल तर निघू दे. पण नाव आणि मार्गाचा तक्ता या दोन जागा जाहिरातीसाठी कधीच देऊ नयेत, आणि दिल्या नसतील तर तिथं लावलेला फ्लेक्स त्याच दिवशी उतरवावा. लंडनमध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये फॅशन वीकच्या वेळी बाँड स्ट्रीट स्टेशनच्या पाट्यांवर एका ब्रँडसाठी 'बर्बेरी स्ट्रीट' लिहिलं होतं. प्रवाशांचा गोंधळ उडाला, तक्रारी झाल्या. बेंगळुरू मेट्रोत कोनप्पन अग्रहार स्टेशनला इन्फोसिस फाउंडेशनचं नाव जोडलंय, पण गावाचं नाव पुढे शाबूत आहे. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. नाव शाबूत असेल तर माणूस उतरतो तरी बरोबर.

आमच्या थांब्यावरचे फ्लेक्स काढण्यासाठी मी दोनदा अर्ज दिला. एकदा निघाले, आठवड्यात दुसरे लागले. तिसरा अर्ज फोटोंसकट तयार आहे.

सध्या वेंगुर्ला रोडवर सुळग्यापासून बाचीपर्यंतचे थांबे भरतेय. बाचीच्या पुढे शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. माझी आत्या तिथली. तिचं आधार महाराष्ट्राचं, त्यामुळे इकडच्या गाडीत तिला तिकीट पडतं, आणि कुठली गाडी बाचीलाच वळते, कुठली शिनोळीपर्यंत येते हे तिला अजून विचारूनच कळतं. ते नकाशात बसवायचंय. येळ्ळूर, कडोली, सांबरा भागातलं कुणी हे वाचत असेल तर आपल्या गावच्या थांब्यांना तुम्ही बोलताना काय म्हणता ते तेवढं लिहून कळवा. पाटीवर काय आहे तेही, फ्लेक्सखाली वाचता आलं तर.